ग्रंथसूचीचे स्थलांतर

ग्रंथसंग्रह आणि त्याची सूची या दोन निराळ्या वस्तू आहेत. त्यांचे भाग्यही निराळे असू शकते. सतराव्या शतकात गोदातीर सोडून काशीस स्थायिक झालेले कवीन्द्राचार्य सरस्वती यांचे उदाहरण या बाबतीत मोठे उद्‌बोधक आहे. शाहजहान बादशहाच्या दरबारी जाऊन काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर त्यांनी माफ करविला, म्हणून त्यांची कीर्ती झाली. त्यांचा पोथ्यांचा संग्रह फार मोठा होता. कालांतराने तो विखुरला आणि त्यातील पोथ्या निरनिराळ्या ठिकाणच्या संग्रहांत गेल्या. संग्रहाची यादी मात्र टिकली. ती १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली, आणि एका विद्वानाच्या ग्रंथालयात कोणकोणती शास्त्रे नांदत होती हे आपणास कळू शकले. संग्रह गेला, पण सूची राहिली म्हणून त्याचे ज्ञान उरले.

याच्या उलट प्रकारही घडू शकतो. पोथी कपाटात सुखरूप असते, तिला वाळवी लागलेली नसते, चोरानेही ती नेलेली नसते. परंतु सूचीतील तिची नोंद बिघडते, आणि पोथी असून नसल्यासारखी होते. सूची संगणकावर गेल्यापासून हा दुसरा धोका वाढला आहे. एका टेबलावरील संगणकात तयार झालेली सूची पुढे मोठ्या सर्व्हरवर न्यावी लागते, आणि जुनी आज्ञावली व नवी आज्ञावली यांचे परस्परांशी जमतेच असे नाही. हे न जमणे कोठे कोठे आढळते, त्याची कारणे कोणती आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

विवेचनासाठी वाराणसीतील ग्रंथालय डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. या नगरीला ग्रंथालयांची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात मराठी माणसांचाही वाटा आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे ग्रंथालय १९१७ साली सुरू झाले, ते प्रा. पां. का. तेलंग यांनी आपले वडील न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ दिलेल्या ग्रंथसंग्रहातून. त्याची आजची इमारत १९४१ साली उभी राहिली, ती बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या देणगीतून. ग्रंथालयास नावही त्यांचेच आहे. १७९१ साली स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय झाले. त्याच्या सरस्वती भवन ग्रंथालयातील हस्तलिखितांची संख्या लाखाच्या घरात आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या नागरी प्रचारिणी सभेने १९०० सालापासून हिंदी हस्तलिखितांचा पद्धतशीर शोध चालविला. अशा नगरीतील एखादे मध्यम आकाराचे ग्रंथालय आपण कल्पू या. तेथे संस्कृत, हिंदी, मराठी, बंगाली आणि इंग्रजी पुस्तके आहेत, काही पोथ्या आहेत, आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका संगणकावर तयार केलेली सूची आहे. हे ग्रंथालय काल्पनिक आहे. त्याच्या अडचणी मात्र काल्पनिक नाहीत.

एका टेबलावरील डेटाबेस

व्यवस्थित रकान्यांत मांडलेल्या नोंदींचा साठा म्हणजे डेटाबेस. ग्रंथालयाच्या दृष्टीने एका पुस्तकाची एक नोंद, आणि त्या नोंदीत लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनस्थळ, वर्ष, बोधांक व दाखल क्रमांक असे रकाने. १९८० नंतरच्या दशकात लहान संगणक कार्यालयांत येऊ लागले, तेव्हा अशा नोंदींसाठी डीबेस ही आज्ञावली लोकप्रिय झाली. तिच्या पाठोपाठ फॉक्सप्रो आली, आणि १९९२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने अॅक्सेस बाजारात आणली. ग्रंथालयांसाठी युनेस्कोने सीडीएस-आयसिस ही आज्ञावली सिद्ध केली होती. तिची लहान संगणकांसाठीची आवृत्ती १९८५ साली निघाली. भारतात तिचा प्रसार निस्सात या शासकीय योजनेमार्फत झाला, आणि शेकडो मैल दूर असलेल्या ग्रंथालयांना ती मोठे मूल्य न देता मिळू शकली.

या सर्व आज्ञावल्यांत एक गृहीत समान होते. यंत्र एक, आणि बहुधा ते चालविणारी व्यक्तीही एक. सर्व नोंदी एका फाइलीत किंवा फाइलींच्या एका गटात असत. ती व्यक्ती कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे, रिकाम्या जागेचा अर्थ काय, चौकोनी कंस कोठे घालावयाचे हे ठरवी आणि पुष्कळदा ते आपल्या स्मरणातच ठेवी. आज्ञावलीही तशीच वागे; अनेक गोष्टी ती न सांगता सांभाळून घेई. स्थलांतराच्या वेळी नोंदी हलतात. ही न लिहिलेली समजूत मात्र मागे राहते, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेथे असते.

सर्व्हरची रीत याहून निराळी आहे. अॅक्सेसची फाइल जाळ्यातून चार संगणकांना वापरावयास दिली, तर प्रत्येक संगणक त्या फाइलीचे आवश्यक भाग आपल्याकडे ओढून आणतो आणि शोध स्वतः घेतो. वाचकाने कपाटापर्यंत जाऊन स्वतः पुस्तके चाळावी, तसा हा प्रकार. सर्व्हरवर वाचक कपाटापाशी जात नाही. तो खिडकीपाशी मागणीपत्र देतो, आतील कर्मचारी पुस्तक शोधतो आणि तेवढेच बाहेर देतो. त्यामुळे जाळ्यावरील भार हलका होतो, शेकडो वाचक एकाच वेळी विचारणा करू शकतात, आणि लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेऊन सूची पूर्वस्थितीला आणता येते. परंतु मागणीपत्र त्या खिडकीच्या भाषेत लिहावे लागते. अॅक्सेसमध्ये ‘काशी’ या अक्षरांनी सुरू होणारी सर्व नावे शोधताना शब्दापुढे तारका लिहिण्याची सवय असते. सर्व्हरवरील डेटाबेसांत त्या जागी टक्क्याचे चिन्ह लागते. तारका लिहिल्यास सर्व्हर चूक दाखवीत नाही. ‘काशी’नंतर खरोखरच तारका असलेले नाव तो शोधतो आणि काहीच सापडले नाही असे प्रामाणिकपणे सांगतो.

या लहानशा उदाहरणात पुढील सर्व विवेचनाचे सूत्र आहे. जी चूक यंत्र बोलून दाखवते ती दुरुस्त होते. जी चूक यंत्राच्या दृष्टीने चूकच नसते, ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

फाइल उघडते, पण पुरती उघडत नाही

पहिली अडचण जुनी फाइल उघडण्याची. अॅक्सेसच्या १९९७ सालच्या आवृत्तीतील फाइल २०१३ सालच्या आवृत्तीत उघडत नाही. मधल्या एखाद्या आवृत्तीत ती आधी रूपांतरित करून घ्यावी लागते. फॉक्सप्रोची पुढील पिढी व्हिज्युअल फॉक्सप्रो. तिची शेवटची मुख्य आवृत्ती २००४ साली निघाली आणि तिला मिळणारे साहाय्य २०१५ च्या जानेवारीत संपले. दोन आज्ञावल्यांना जोडणारा जो दुवा असतो, त्याचेही प्रकार असतात. बत्तीस बिटांसाठी बनविलेला दुवा चौसष्ट बिटांच्या आज्ञावलीला उपयोगी पडत नाही. दोन्ही यंत्रे धडधाकट असतात, फाइलही निर्दोष असते, तरी संवाद होत नाही. हे दोष उघड असल्यामुळे त्रासदायक असले तरी घातक नव्हेत.

घातक दोष त्यांच्या मागे दडलेले असतात. डीबेसमध्ये लांब मजकुराचा रकाना मुख्य फाइलीत साठविला जात नाही. त्यासाठी वेगळी सोबतीची फाइल असते. ग्रंथपालाने केवळ मुख्य फाइल उचलून नेली, तर पुस्तकांची नावे येतात, परंतु टीपा, विषयवर्णन व पोथीच्या स्थितीविषयीचा मजकूर मागे राहतो. दुसरे असे की, डीबेसमध्ये एखादी नोंद रद्द केली म्हणजे ती लगेच नष्ट होत नाही. तिच्यावर फक्त रद्द झाल्याची खूण होते आणि ती पडद्यावरून नाहीशी होते. फाइल आवळण्याची निराळी आज्ञा दिल्यावाचून ती आतच राहते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने ती खूण वाचली नाही, तर वीस वर्षांपूर्वी बाद केलेली, जीर्ण होऊन गेलेली पुस्तके नव्या सूचीत पुन्हा जिवंत होतात. वाचक त्यांची मागणी करतो, कर्मचारी कपाट शोधतो, आणि दोष कपाटाच्या व्यवस्थेवर येतो.

अक्षरांचा प्रश्न

वाराणसीच्या सूचीत सर्वांत बिकट प्रश्न अक्षरांचा असणार हे उघड आहे. १८ एप्रिल १९०० रोजी त्या वेळच्या वायव्य प्रांत व अवध सरकारने न्यायालयांत नागरी लिपीच्या वापरास मुभा दिली. त्यामागील चळवळीत काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा पुढाकार होता. संगणकातही नागरीला आपले स्थान असेच पुन्हा मिळवावे लागले, आणि तेथपर्यंतचा प्रवास अनेक वाटांनी झाला. जुन्या सूचीत या सर्व वाटांच्या खुणा सापडतात.

एक वाट होती प्रमाणित संकेतांची. भारतीय लिपींसाठी इस्की हा संकेतसंच तयार झाला, आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून त्याचे निश्चित रूप प्रसिद्ध झाले. त्यात ध्वनीने समान असलेल्या अक्षरांना सर्व भारतीय लिपींत एकच संकेत दिलेला आहे. देवनागरी ‘क’ आणि बंगाली ‘क’ यांचा संकेत एकच; लिपी कोणती हे वेगळ्या खुणेने किंवा यंत्राच्या मांडणीवरून ठरते. जुन्या यंत्रावर ती मांडणी ठाऊक होती. फाइल एकटीच सर्व्हरवर आली की बंगाली पुस्तकांची नावे देवनागरीत उमटण्याचा संभव असतो.

दुसरी वाट छपाईच्या सोयीची. कृतिदेव यांसारख्या फाँटांत नागरी अक्षरे साठविलीच जात नाहीत. रोमन अक्षरांच्या जागी नागरी आकृत्या बसविलेल्या असतात. कृतिदेवमध्ये ‘काशी’ हा शब्द यंत्राच्या दृष्टीने डी, के, लोपचिन्ह, के, एच अशा पाच रोमन चिन्हांचा आहे. पडद्यावर तो फाँट असेल तोवर ‘काशी’ दिसते. फाँट नसेल तेथे ती पाच चिन्हे उघडी पडतात. सर्व्हरला फाँटाशी कर्तव्य नसते. तो जे साठविले आहे त्यातच शोध घेतो, आणि वाचकाने खऱ्या नागरीत लिहिलेले ‘काशी’ त्याला कोठेच आढळत नाही.

आज सर्वत्र स्वीकारलेला संकेतसंच युनिकोड हा होय. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या रूपावर आधारलेली आहे. त्यामुळे इस्कीतून युनिकोडकडे जाणे तुलनेने सरळ असते. कृतिदेवसारख्या फाँटातून जाणे मात्र अवघड, कारण तेथे अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने लिहिलेली असतात. ‘शिव’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘श’ नंतर. ‘धर्म’ लिहिताना ‘म’ आधी आणि त्यावरील रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार असतो. म्हणून नुसते चिन्हास चिन्ह बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. संस्कृत ग्रंथनामांतील जोडाक्षरे तीन-तीन व्यंजनांची असतात, आणि रूपांतराच्या आज्ञावल्यांची परीक्षा तेथेच होते. त्यातही एका नोंदीत ग्रंथनाम कृतिदेवमध्ये आणि प्रकाशकाचे नाव साध्या इंग्रजीत असेल, तर इंग्रजी मजकूरही रूपांतराच्या चक्रात सापडून निरर्थक नागरी बनतो.

युनिकोडमध्ये आल्यावरही सर्व प्रश्न सुटत नाहीत. हिंदी ‘अलीगढ़’ या शब्दातील शेवटचे अक्षर एका संकेताने लिहिता येते, किंवा ‘ढ’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. दिसावयास दोन्ही सारखी, पण शोधताना निराळी. अक्षरे जोडण्यासाठी किंवा तोडण्यासाठी वापरली जाणारी अदृश्य चिन्हेही शब्दांत लपून बसतात. यासाठी सर्व नोंदी एकाच ठरावीक रूपात आणाव्या लागतात, आणि वाचकाने लिहिलेला शब्दही शोधापूर्वी त्याच रूपात आणावा लागतो. वर्णक्रमाचाही विचार करावा लागतो. युनिकोडच्या नुसत्या संकेतक्रमाने ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. सर्व्हरला कोणत्या भाषेचा वर्णक्रम पाळावयाचा हे स्पष्टपणे सांगितले नाही, तर मराठी कोशाच्या सवयीने सूची चाळणाऱ्या वाचकाला इष्ट नाव अपेक्षित जागी मिळत नाही.

शेवटी जागेचा प्रश्न. इस्कीत एका चिन्हास एक बाइट पुरे. युनिकोड साठविण्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत एका देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘वाराणसी’ या शब्दात काना, वेलांटी धरून सात चिन्हे आहेत; इस्कीत त्यांना सात बाइट लागत, आता एकवीस लागतात. काही डेटाबेस रकान्याची रुंदी चिन्हांत मोजतात, काही बाइटांत. वीस बाइटांच्या रकान्यात ‘वाराणसी’ पुरते मावत नाही. यंत्र सक्त असेल तर नोंद नाकारते. सैल असेल तर शेवटची वेलांटी कापते.

तिथी आणि अंक

तारखांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, परंतु जुन्या ग्रंथांच्या नगरीत तो किरकोळ राहत नाही. काशीचे गागाभट्ट यांनी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला, तो ६ जून १६७४ रोजी, शके १५९६ मध्ये. एखाद्या पोथीच्या नोंदीत ही तारीख आली आहे असे समजू. अॅक्सेसचा तारखेचा रकाना इसवी सन १०० पासूनच्या तारखा स्वीकारतो. तेथे ती सुखाने राहील. मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हरमधील तारखेचा जुना प्रकार १ जानेवारी १७५३ पूर्वीची कोणतीही तारीख स्वीकारीत नाही. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये ग्रेगरियन पंचांग स्वीकारताना अकरा दिवस गाळले, म्हणून त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षापासून ही गणना सुरू केलेली आहे. ब्रिटनच्या पंचांगसुधारणेचा परिणाम काशीच्या पोथीच्या नोंदीवर असा होतो. २००८ सालच्या आवृत्तीत त्याहून विस्तृत असा प्रकार उपलब्ध झाला, परंतु तो निवडण्याचे भान रूपांतर करणाऱ्याला हवे.

ज्या पोथीवर काळ दिलेलाच नाही, तिच्या बाबतीत याहून विचित्र प्रकार घडू शकतो. तारखेच्या रकान्यात शून्य लांबीचा रिकामा मजकूर आला, तर एसक्यूएल सर्व्हर त्याची तारीख १ जानेवारी १९०० अशी करतो. कालनिर्देश नसलेल्या पोथ्यांच्या सबंध गठ्ठ्याला एकच खोटी तारीख चिकटते, आणि पुढे एखादा अभ्यासक तिच्यावर विसंबतो. तारखा आतून दिवसांच्या अंकांत मोजल्या जातात. अॅक्सेसचा शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ हा, तर एसक्यूएल सर्व्हरचा १ जानेवारी १९००. ते अंक तसेच उचलून नेले, तर देवघेवीच्या सर्व तारखा दोन दोन दिवस पुढे सरकतात.

यावर उपाय सोपा आहे. पोथीवर संवत, शक, मास, तिथी जशी लिहिली असेल तशीच ती मजकूर म्हणून एका रकान्यात ठेवावी. तिच्या शेजारी इसवी सनाचे ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन साधे अंकी रकाने असावेत. काळ ठाऊक नसेल तेथे रकाना खरोखर रिकामा ठेवावा. त्याचप्रमाणे नागरी अंकांत लिहिलेले ‘१२३’ हे सर्व्हरच्या संख्येच्या रकान्यात बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. दाखल क्रमांक मजकूर म्हणून साठविले, तर दहा हा दोनच्या आधी येतो. आणि संख्या म्हणून साठविले, तर ‘१२३ अ’ ला जागा उरत नाही. कोणता तोटा पत्करावयाचा हे आधी ठरवावे लागते.

एका रकान्यात अनेक नावे

एका मूळ ग्रंथावर टीका, टीकेवर उपटीका, आणि त्या सर्वांचा एक संपादक. संस्कृत ग्रंथांत ही नित्याची गोष्ट आहे. सीडीएस-आयसिसने ती ओळखली होती. तिच्यात एकच रकाना कितीही वेळा पुन्हा येऊ शकतो आणि त्याचे उपविभागही पाडता येतात. सर्व्हरवरील प्रचलित डेटाबेस कोष्टकांचे बनलेले असतात आणि एका चौकटीत एकच मूल्य असावे असा त्यांचा नियम असतो. म्हणून लेखकांचे वेगळे कोष्टक करून प्रत्येक नावापुढे कर्ता, टीकाकार, संपादक अशी भूमिका लिहावी लागते. हे न करता घाईने केवळ पहिले नाव घेतले, तर सर्व टीकाकार सूचीतून बाहेर पडतात.

नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी आयएसओ २७०९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रत्येक नोंदीच्या आरंभी चोवीस चिन्हांचे शीर्ष असते आणि त्यामागोमाग एक अनुक्रमणिका; कोणता रकाना कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे हे तिच्यात अंकांनी सांगितलेले असते. ही लांबी इस्कीच्या हिशेबाने लिहिली आणि नंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलला, तर अनुक्रमणिका एक सांगते आणि मजकूर दुसऱ्याच ठिकाणी सापडतो. शिवाय सीडीएस-आयसिस निर्यातीच्या वेळी, वेगळे सांगितले नसल्यास, दर ऐंशी चिन्हांनंतर ओळ तोडते, आणि इतर आज्ञावल्यांना ते खपत नाही. आधी ओळी सांधाव्या, मग अक्षरे बदलावी, आणि शेवटी लांबी नव्याने मोजावी, हाच क्रम योग्य होय. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची सोल ही आज्ञावली २००९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोड व मार्क-२१ या मानकांना धरून आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय या आज्ञावलीची चौथी आवृत्ती तर अनेक ग्रंथालयांचा सामाईक साठा एका सर्व्हरवर ठेवण्यासाठीच रचलेली आहे. अशी मानके पाळणारी आज्ञावली निवडल्यास पुढचे स्थलांतर तरी सुलभ होते.

अनेक हात

जुन्या यंत्रावर नवा दाखल क्रमांक ठरविण्याची एक सोपी रीत होती. शेवटचा क्रमांक पाहावयाचा आणि त्यात एक मिळवावयाचा. एकच माणूस काम करीत असेतो ती निर्दोष होती. सर्व्हरवर दोन कर्मचारी एकाच क्षणी नोंद करू लागले, तर दोघांनाही शेवटचा क्रमांक सारखाच दिसतो आणि दोन पुस्तकांना एकच क्रमांक मिळतो. म्हणून क्रमांक देण्याचे काम सर्व्हरवरच सोपवावे आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा स्वीकारू नये असे बंधन त्याच्यावर घालावे.

काही संस्था नोंदी सर्व्हरवर नेतात, परंतु सवयीचे अॅक्सेसमधील पडदे तसेच ठेवतात. हा मध्यम मार्ग चांगला आहे, पण त्यातही एक गंमत दडलेली आहे. ‘होय-नाही’ प्रकारच्या रकान्यात अॅक्सेसला ‘ठाऊक नाही’ ही तिसरी अवस्था मान्य नाही. सर्व्हरला ती मान्य आहे. सर्व्हरवर तो रकाना रिकामा असला की अॅक्सेस त्याचा अर्थ ‘नाही’ असा लावते. मग नोंद जतन करताना ती मूळ नोंदीशी ताडून पाहते, दोन्हींत फरक आढळतो, आणि दुसऱ्या कोणी तरी ही नोंद मधल्या काळात बदलली असा इशारा पडद्यावर येतो. खोलीत दुसरे कोणीही नसते. अशा सर्व रकान्यांना आरंभीच निश्चित मूल्य दिले आणि नोंद बदलल्याची खूण ठेवणारा एक स्तंभ सर्व्हरवर जोडला, म्हणजे ही अडचण बहुधा नाहीशी होते.

स्थलांतराची रीत

आतापर्यंतच्या विवेचनावरून कामाचा क्रम सहज निघतो. प्रथम जुन्या फाइलींची, सोबतीच्या फाइलींसह, एक प्रत करून ती कायमची गोठवावी. तिच्यात त्यानंतर एकही बदल करू नये. जुने यंत्र आणि जुनी आज्ञावली हीही सांभाळून ठेवावी. मग प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून काढावा. हे काम संगणकतज्ज्ञाचे नाही. ज्याने ती सूची केली त्या ग्रंथपालाला बोलावून, तो निवृत्त झाला असला तरी, त्याच्याकडून करवून घ्यावे. कंसाचा अर्थ, रिकाम्या जागेचा अर्थ आणि त्याने स्वतःपुरत्या योजलेल्या संक्षेपांचा अर्थ त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नसतो.

प्रयोगासाठी सोप्या नोंदी निवडू नयेत. तीन टीकांचा ग्रंथ, संवत घातलेली पोथी, बंगाली पुस्तक, सर्वांत लांब ग्रंथनाम, बाद केलेली प्रत आणि ज्यात काहीच भरलेले नाही अशी नोंद, या सहा प्रकारच्या नोंदी निभावल्या तर बाकीच्यांची आशा धरता येते. रूपांतरानंतर एकूण नोंदी किती, प्रत्येक भाषेच्या किती, प्रत्येक रकान्यात रिकाम्या जागा किती, पहिला आणि शेवटचा दाखल क्रमांक कोणता, हे दोन्हीकडे मोजून ताडावे. आकडे जुळले म्हणजे मजकूर जुळला असे नव्हे. म्हणून काही नोंदी सूचीतून काढून कपाटात शोधाव्या आणि काही पुस्तके कपाटातून काढून सूचीत शोधावी. दोन्ही दिशांनी पडताळा घेतल्यावाचून हरवलेली नोंद उघडकीस येत नाही.

आणखी एक मोह टाळावयास हवा, तो म्हणजे स्थलांतर आणि सुधारणा एकाच वेळी करण्याचा. नगरीचे अधिकृत नाव २४ मे १९५६ पासून वाराणसी झाले. म्हणून १९३० साली छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशनस्थळ ‘बनारस’ असे आहे ते एका आज्ञेने ‘वाराणसी’ करून टाकावे, असे कोणाला सुचेल. परंतु मुखपृष्ठावर ‘बनारस’ छापले आहे, आणि तीच त्या पुस्तकाची ओळख आहे. काशी, बनारस व वाराणसी ही तिन्ही नावे एकाच स्थळाची आहेत हे सूचीने एका वेगळ्या कोष्टकात सांगावे. मूळ नोंदीला हात लावू नये. शिवाय स्थलांतरासोबत सुधारणा केली, तर पुढे एखादा फरक आढळल्यावर तो हेतुतः केला की चुकून झाला हे ओळखण्याचे साधन राहत नाही.

नवी सूची सुरू झाल्यावर काही महिने जुनीही पाहण्यापुरती उपलब्ध ठेवावी. नव्या नोंदी मात्र एकाच ठिकाणी कराव्या, नाही तर दोन सूचींत तिसरीच तफावत उत्पन्न होते. वाचकाला एखादे पुस्तक ‘नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्या काळात ते उत्तर अंतिम मानू नये. जुन्या सूचीत आणि कपाटातही एकदा पाहावे. अशा प्रत्येक तपासणीतून सापडलेला दोष हा बहुधा एकट्या नोंदीचा नसतो, त्या प्रकारच्या सर्व नोंदींचा असतो.

हे सर्व काम खर्चाचे आणि वेळेचे आहे, आणि निविदेत त्यासाठी क्वचितच तरतूद केलेली असते. यंत्रांची किंमत मांडता येते. न सापडलेल्या पोथीची मांडता येत नाही, कारण ती न सापडल्याचे कोणाला कळतच नाही. लांबून आलेला विद्यार्थी खिडकीपाशी एका टीकेची चौकशी करतो, पडद्यावर नकार उमटतो, आणि तो परत जातो. ती टीका वरच्या मजल्यावरील कपाटात असते. म्हणून रकान्यांचे अर्थ, केलेली रूपांतरे, वगळलेल्या नोंदी आणि जुळविलेले आकडे यांची एक वही करावी आणि ती दाखल नोंदवहीच्या शेजारी ठेवावी. आजचा सर्व्हरही उद्या जुना होणार आहे, आणि त्यावरील सूची पुन्हा हलवावी लागणार आहे. त्या वेळी जो ग्रंथपाल हे काम हाती घेईल, त्याला प्रथम ही वही लागेल.